निबियाच्या आवाजाची प्रत

१९ एप्रिल २०१७ रोजी हेबर इरासोकीने चार हजार तीनशे साठ पेसोंना एक मायक्रोफोन विकत घेतला. पावती मी पाहिली आहे, कारण दुकानातून तो थेट आमच्या क्लबात आला आणि खोकं माझ्या टेबलावर ठेवून म्हणाला, "दिवाणजी, यावर काय लिहिलंय वाच. कुठल्या कुठल्या मशीनवर चालेल ते दिलंय. त्यात आपल्या यंत्रणेचं नाव नाही."

"मग घेतलास कशाला?"

"चालतो. खोक्याला ते माहीत नाही एवढंच."

मी पायसान्दू या नदीकाठच्या गावी बंदरावर एका सहकारी संस्थेचे हिशेब पाहतो आणि संध्याकाळी या क्लबाचा खजिनदार असतो, म्हणून हेबर मला दिवाणजी म्हणायचा. मायक्रोफोन त्याच्यासाठी नव्हता. त्याची बायको निबिया हिची वाचा जाणार, असं राजधानीतल्या, मोन्तेविदेओच्या डॉक्टरांनी फेब्रुवारीत सांगितलं होतं. आधी जीभ, मग हात, मग बाकीचं. जीभ जड व्हायच्या आत तिचा आवाज साठवून ठेवायचा, असं हेबरने ठरवलं होतं.

हेबर इंजिनिअर नव्हता. लोकरीच्या गिरणीत तो कोठीवर होता. २००२ साली बँका बुडाल्या, गिरणी बंद पडली, आणि शेवटच्या पगाराच्या बदल्यात ज्याला जे उचलता येईल ते मालकाने उचलू दिलं. कुणी पंखे नेले, कुणी खुर्च्या. हेबरने कचेरीतला एक कॉम्प्युटर घोंगडीत गुंडाळून घरी नेला. तो सुरूच होईना. त्याच सुमारास विद्यापीठाच्या शाखेत एका शनिवारी काही मंडळी जमून येईल त्याच्या मशीनवर लिनक्स नावाची यंत्रणा फुकट बसवून देत होती. हेबर घोंगडीसकट तिथे गेला. संध्याकाळी मशीन चालू होऊन घरी आलं. त्यानंतर त्याने दुसरी यंत्रणा वापरली नाही.

पुढे क्लबाच्या कोपऱ्यात त्याचं टेबल लागलं. त्यावर एक मशीन, एक प्रिंटर, आणि बाजूला माते नावाच्या पाल्याचं कडू पेय भरलेला पेला न् गरम पाण्याचा थर्मास. संत्र्यांच्या हंगामासाठी नोकरीचे अर्ज, पेन्शनची पत्रं, भाड्याच्या खोल्यांच्या जाहिराती, शुक्रवारच्या हाउजीची तिकिटं, मयताची निवेदनं, सगळं तो तिथे टाइप करून छापून द्यायचा. सरकारी फॉर्म त्याच्या मशीनवर उघडला की ओळी इकडच्या तिकडे व्हायच्या आणि दुपारभर तो त्या जागेवर बसवत राहायचा. लोक म्हणायचे, "अरे, सगळं जग वापरतं ते घे ना." तो म्हणायचा, "सगळं जग भाड्याने राहतं. मला आपलं घर बरं, गळकं असलं तरी." खरं तर जितकं दुरुस्त करायचा तितकंच तो मोडायचाही. शिकला तो मोडूनच. वर्षातून एकदा, ईस्टरच्या आधी जो आमचा पर्यटन आठवडा असतो त्यात, सगळं गाव नदीकाठी बिअरच्या जत्रेत असताना हा घरी बसून आपल्या मशीनांवर नवी आवृत्ती चढवत असे. निबिया म्हणायची, "बाकीच्या बायकांचे नवरे पितात. त्यांचं बरं, सकाळपर्यंत उतरते तरी."

तीच क्लबात हाउजीचे आकडे पुकारायची. तिला माइक लागत नसे. आकड्यांना आमच्याकडे जी जुनी नावं आहेत ती ती अशा चालीत म्हणायची की माणसं तिकीट न घेता नुसती ऐकायला बसत. पंधरा, देखणी पोर. बावीस, येडा. बावीस म्हणताना ती न चुकता हेबरच्या टेबलाकडे बघायची आणि सगळा हॉल हसायचा. त्यांना मूलबाळ नव्हतं. सकाळपासून रात्रीपर्यंत दोघं एका छपराखाली, मग ते घराचं असो की क्लबाचं.

त्या वर्षीच्या एप्रिल-मे महिन्यांत, दुपारी गल्ली झोपलेली असताना, त्यांच्या घरी आवाज भरायचं काम चालायचं. खिडकीवर गोधडी टांगलेली. फ्रिजची घरघर येऊ नये म्हणून हेबर त्याचं बटण बंद करायचा. एकदा चालू करायला विसरला आणि आठवड्याचं मांस नासलं. त्या दिवशी निबियाने जे सुनावलं तेही त्याने भरून घेतलं. कोणती वाक्यं म्हणायची याचा एक नमुना वाचा शिकवणाऱ्या बाईंनी दिला होता. मी एकदा तिथे असताना तो ते वाचून दाखवत होता.

"'मला तहान लागली आहे.'"

"'मला तहान लागली आहे,'" निबिया म्हणाली. "पुढे."

"'कृपया मला उशी द्या.'"

"कृपया? तुला? चाळीस वर्षांत कधी म्हटलंय? तू कोण, कलेक्टर?"

"नमुन्यात आहे तसं आहे ग."

"मग नमुन्याशी लग्न करायचं होतंस. लाव ते. 'हेबर, उशी.' झालं. 'हेबर, शर्ट बदल.' 'हेबर, पाणी उकळू देऊ नकोस, माते जळतो.' 'मेले नाहीये अजून, बस खाली.' एवढ्यावर माझं निभेल."

"आणि 'तुझं बरोबर आहे'? ते नको?"

"ते लागायचं नाही."

पण ती रोज बसायची. तेव्हाच तिच्या जिभेला थोडा जडपणा आला होता, शब्दांच्या कडा घासल्यासारख्या वाटायच्या. हेबर प्रत्येक वाक्य कानाला लावून परत ऐकायचा आणि कधी कधी पुन्हा म्हणायला लावायचा. काही वाक्यं तिने त्याला बाहेर पाठवून एकटीने भरली. ती काय होती हे मी विचारलं नाही.

त्या वाक्यांसाठीच त्याने सगळा साठा कुलपात ठेवला. म्हणजे असं की तो ज्या डिस्कवर आहे ती कुणी चोरून नेली तरी पासवर्ड दिल्याशिवाय आत काय आहे ते कुणालाही, अगदी डिस्क बनवणाऱ्यालाही, वाचता येऊ नये. या लिनक्सवाल्या लोकांना त्याची फार हौस असते. ज्यांच्याकडे चोरण्यासारखं काही नाही असे लोकसुद्धा कुलूप लावतात. हेबरकडे निदान कारण होतं.

नोव्हेंबरपर्यंत निबियाचं बोलणं कुणालाच कळेनासं झालं. हेबरने तिच्या लॅपटॉपवर मोठे मोठे चौकोन केले होते. चौकोनावर बोट ठेवलं की तिचा आवाज निघायचा. पहिल्यांदा मी गेलो तेव्हा दार उघडायच्या आधीच आतून आवाज आला, "दिवाणजी आले, साखर लपवा." मी पायरीवर जरा थांबलो. आत गेलो तेव्हा ती खुर्चीत बसलेली, ओठ मिटलेले, डोळे मात्र नेहमीसारखे खट्याळ. हेबर मागे उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर एवढा आनंद मी त्याच्या लग्नातही पाहिला नव्हता, आणि त्या लग्नात मी साक्षीदार होतो.

पुढच्या वर्षीचा पर्यटन आठवडा मार्चच्या शेवटी आला. निबियाचा लॅपटॉप हळू चालायला लागला होता, चौकोन दाबल्यावर आवाज यायला वेळ लागायचा. हेबरने ठरवलं, नवी आवृत्ती स्वच्छ पाटीवर बसवावी. लोकांना तो कायम सांगायचा, "दोन प्रती, दोन जागी. एक प्रत म्हणजे प्रतच नाही." त्याप्रमाणे त्याने निबियाचा सगळा साठा बाहेरच्या, कुलूपवाल्या डिस्कवर उतरवला. दुसरी प्रत क्लबातल्या मशीनवर ठेवायची होती. पण क्लब आठवडाभर बंद, आणि चिटणीस किल्ली खिशात घालून नदीवर तंबू ठोकून बसलेला. एका दुपारचा तर प्रश्न, असं म्हणून हेबरने दुसऱ्या प्रतीचं काम सोमवारवर टाकलं.

पुढचं मला त्यानेच सांगितलं. प्रत नीट उतरली की नाही ते पाहायला त्याने ती डिस्क आपल्या मशीनला जोडली आणि दोन-तीन वाक्यं ऐकली. ठीक होती. मग लॅपटॉप त्याच्या कुलपासकट पुसला आणि पेन ड्राइव्हवरून नवी यंत्रणा बसवायला लागला. पेन ड्राइव्ह जुना होता, अर्ध्यावर बंद पडला. हरकत नव्हती. दुसरा पेन ड्राइव्ह घ्यायचा, त्यावर यंत्रणा पुन्हा उतरवायची. त्यासाठी तो एकच ओळ टाइप करायचा, वर्षानुवर्षं तीच. काय उतरवायचं आणि कुठल्या डिस्कवर, एवढंच त्या ओळीत असतं. जोडलेल्या डिस्कांना मशीन क्रमाने अक्षरं देतं. आतली ती ए, नंतर लावलेली ती बी, त्यानंतरची सी. हेबरचा पेन ड्राइव्ह आजवर कायम बी असायचा. त्या दिवशी निबियाची डिस्क आधीच जोडलेली होती, म्हणून ती बी झाली होती आणि पेन ड्राइव्ह सी. हेबरच्या बोटांनी सवयीने बी लिहिलं.

ती ओळ कुणाला "नक्की ना?" असं विचारत नाही. याचं हेबरला कौतुक होतं. "बाकीच्या यंत्रणा तुला लहान मूल समजतात," असं तो मला सांगायचा. "ही समजते की तुला काय हवंय ते तुला ठाऊक आहे."

थोड्या वेळाने त्याच्या लक्षात आलं की पेन ड्राइव्हचा दिवा लुकलुकत नाही आणि डिस्कचा लुकलुकतो आहे.

मी संध्याकाळी गेलो तेव्हा तो मागच्या अंगणात लिंबाच्या झाडाखाली उकिडवा बसला होता. नदीवरून जत्रेतल्या बँडचा आवाज येत होता. मला वाटलं निबियाला काही झालं.

"ती आत झोपलीय," तो म्हणाला. "मी डिस्क उडवली."

"सगळी?"

"सुरुवातीची थोडी. बाकी सगळं आत आहे तसंच आहे."

"मग थोडंच गेलं ना? बाकीचं काढता येईल."

"सुरुवातीलाच कुलूप असतं, दिवाणजी. ते गेलं. पासवर्ड पाठ आहे मला, झोपेत विचारलास तरी सांगेन. पण तो लावायचा कुठे? दार बंदच आहे, किल्ली आहे आणि कुलूपच राहिलं नाही."

"कुणी तज्ज्ञ असेल मोन्तेविदेओत."

"कुणालाही उघडता येऊ नये म्हणूनच तर लावलं होतं."

तरी त्याने डिस्क मोन्तेविदेओला आपल्या लिनक्सच्या मंडळातल्या एका ओळखीच्या माणसाकडे पाठवली. तिथून पंधरा दिवसांनी ती तशीच परत आली, सोबत चिठ्ठी नाही, पैशांची मागणी नाही. आपल्यातल्याच माणसाला काय लिहायचं हे त्या माणसाला सुचलं नसावं.

निबियाला त्याने लगेच सांगितलं नाही. नवी आवृत्ती आवाजाचं यंत्र ओळखत नाही, शोधतोय, असं सांगितलं. दरम्यान तिच्यासाठी त्याने यंत्रणेबरोबर फुकट येणारा बोलका आवाज लावला. ती एका बोटाने टाइप करायची आणि कुणी एक स्पेनमधला पुरुष, सर्दी झाल्यासारखा, नाकातून एकसुरी वाचून दाखवायचा. ईस्टरच्या रविवारी मी गोड पाव घेऊन गेलो होतो. निबियाने हेबरकडे बराच वेळ पाहिलं. मग बोट हळूहळू चालवलं. त्या नाकातल्या आवाजाने विचारलं, "पुसलंस?"

हेबरने मान खाली घातली.

निबिया हसायला लागली. त्या आजारात हसू आणि रडू माणसाच्या ताब्यात राहत नाही, कुठलं सुरू आहे ते बघणाऱ्यालाही कळत नाही. खांदे हलत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. हेबर गुडघ्यांवर बसून तिचं तोंड पुसत होता आणि "माफ कर ग, माफ कर," एवढंच म्हणत होता. बऱ्याच वेळाने ती थांबली आणि टाइप करू लागली.

"बिअर आण," तो आवाज म्हणाला. "जत्रा संपते आज."

तिला गिळता येत नव्हतं. हेबरने बोळ्याने तिच्या ओठांना बिअर लावली.

दुसऱ्या दिवसापासून हेबर गावात तिचा आवाज गोळा करत फिरू लागला. आमच्याकडे लोक फोनवर लिहीत नाहीत, बोलून निरोप पाठवतात, त्यामुळे कुणा ना कुणाच्या फोनमध्ये ती असणारच. बेकरीवाल्याकडे निरोप निघाला, "उलिसेस, अर्धा किलो खारी पाठव, आणि त्यात परवासारखा पेरूच्या मुरंब्याचा दगड नको, दात माझे आहेत." क्लबाच्या चिटणिसाकडे निघाला, "हॉलमधला पंखा दुरुस्त करा, नाहीतर शुक्रवारी आकडे तुम्ही पुकारा." कुणी एका वर्षीच्या हाउजीचं चित्रीकरण केलं होतं. त्यात सगळ्यात स्पष्ट ऐकू येत होतं ते, "अठ्ठेचाळीस, बोलणारं मढं." आमच्याकडे अठ्ठेचाळीसला तेच नाव आहे, तिने ते ठरवलेलं नाही. हेबरने तेही घेतलं.

निबियाची धाकटी बहीण रोसालबा साल्तोला असते. आम्ही दोघं बसने गेलो. रोसालबाने कॉफी केली, फोन समोर ठेवला आणि त्यावर हात ठेवूनच बसली.

"भावोजी, ताईने मला जे पाठवलंय त्यात निम्म्या तुमच्याच तक्रारी आहेत."

"असू देत."

"'हेबरने जेवणाच्या टेबलावर स्क्रू मांडलेत.' 'हेबरने माझं मशीन उघडं टाकलंय.' 'हेबर ऐकत नाही.' तुम्हाला हे घरी नेऊन काय करायचंय?"

"रोसालबा, शिव्या असल्या तरी चालतील. माझ्याकडे तेवढंही नाही."

तिने एकेक निरोप पाठवायला सुरुवात केली. एकाशी थांबली, माझ्याकडे पाहिलं, आणि मग जे व्हायचं ते होवो अशा चेहऱ्याने तो तिथेच लावला. आवाज भरायचं काम चालू होतं त्या दिवसांतला होता. शब्दांच्या कडा घासलेल्या.

"रोसा, आज परत दोन तास बसवलं मला. वैताग येतो. पण तो एकेक वाक्य कानाला लावून ऐकत बसतो ना, म्हणून म्हणते. हे सगळं माझ्यासाठी नाही ग. मला काय, बोटाने दाखवेन, डोळ्यांनी दाखवेन. मी गेल्यावर घरात चिडीचूप होईल, आणि हा माणूस चिडीचूप घरात जेवायचा नाही. त्याला सांगू नकोस."

हेबरने कॉफी संपवली, कप धुऊन जागेवर ठेवला आणि म्हणाला, "हाही पाठव."

परत येताना बसमध्ये तो खिडकीतून बाहेर बघत होता. ग्वाव्हियूची वस्ती मागे पडल्यावर म्हणाला, "तिच्या नव्हे, माझ्या कामाची वस्तू होती ती. आणि मी ती माझ्याच हाताने."

वाक्य त्याने पुरं केलं नाही.

निबियाला त्याने सगळे तुकडे ऐकवले. अठ्ठेचाळीसला ती हसली, खारीच्या निरोपाला हसली. रोसालबाला पाठवलेला तो एक निरोप त्याने लावला नाही. सगळं ऐकून झाल्यावर तिने टाइप केलं आणि तो नाकातला माणूस म्हणाला, "हे सगळं दुसऱ्यांशी. तुझ्याशी एकही नाही."

"आपण एका घरात राहतो ग," हेबर म्हणाला. "तू मला कशाला निरोप पाठवशील?"

ते खरं होतं. सगळ्या गावाच्या फोनमध्ये ती होती, फक्त त्याच्या फोनमध्ये नव्हती.

मग हेबरने एक नवं काम काढलं. त्या तुकड्यांतून शब्द कापायचे आणि जोडून त्याला हवी ती वाक्यं बनवायची. आवाजाच्या रेघा पडद्यावर दाखवणारं एक साधन त्या यंत्रणेत फुकट मिळतं. त्यात तो तासन् तास बसायचा. तक्रारींमधून "हेबर" हा शब्द त्याने वीस-बावीस वेळा कापून काढला होता, प्रत्येकाचा सूर वेगळा. एकदा मला ऐकवलं. "हेबर," मग किंचित खाच, "ये." हा "ये" बेकरीवाल्याला म्हटलेला होता. नवऱ्याला हाक मारल्यासारखं न वाटता उधारी मागायला बोलावल्यासारखं वाटत होतं.

"थोडा सूर खाली आणला की होईल," तो म्हणाला.

"हेबर, तीन आठवडे झाले."

"होईल. तुला त्यातलं कळत नाही."

मला कळत नव्हतं हे खरं. पण पलीकडच्या खोलीत निबिया खिडकीशी बसलेली असायची, आणि हा भिंतीअलीकडे कानांवर हेडफोन चढवून पाठमोरा. शेजारीण जेवण भरवायला येऊ लागली होती. एकदा मी गेलो तेव्हा माते पूर्ण थंड झालेला, आणि निबियाची मान एका बाजूला कलली होती. ती सरळ करायला कुणी आलं नव्हतं. मी केली. तिने डोळ्यांनीच आभार मानले आणि मग डोळे भिंतीकडे वळवले. मी जाऊन हेबरच्या खांद्यावर हात ठेवला. तो दचकला.

"ती बोलावतेय," मी म्हणालो.

त्याने जाताना लॅपटॉपही उचलून नेला, जोडलेलं वाक्य ऐकवायला. निबियाच्या समोर ठेवला आणि लावलं. "हेबर," खाच, "बस खाली," खाच, "माझ्या," खाच, "जवळ." त्यातला "जवळ" हा शब्द पंख्याबद्दलच्या निरोपातला होता. त्याच्या मागे क्लबातल्या भांड्यांचा आवाज येत होता.

निबियाने बोट हलवायला सुरुवात केली. एव्हाना एक वाक्य लिहायला तिला फार वेळ लागायचा. आम्ही दोघं उभे राहिलो. शेवटी तो स्पेनचा माणूस बोलला.

"हे माझे तुकडे आहेत. मी इथे आहे."

हेबर काही म्हणायला गेला. तिने बोट उचललं, म्हणजे थांब. पुन्हा लिहिलं.

"पुसून टाक."

"निबिया, ते नीट होईल. मी सूर—"

"पुस."

हेबरने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. तो खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसला, ते सगळं ज्यात होतं ते फोल्डर तिला दिसेल असं उघडलं आणि पुसलं. तिचं बोट पुन्हा चालू लागलं.

"दुसरी प्रत?"

या वेळी होती. क्लबाच्या मशीनवर, त्याच्या नियमाप्रमाणे. ती बघत राहिली.

"आहे," तो म्हणाला.

"तीपण."

दुसऱ्या दिवशी क्लब उघडल्यावर त्याने माझ्या देखत तीही पुसली. पुसण्याआधी प्रत्येक फाइलचं नाव वाचत होता. रोसालबाच्या निरोपाशी त्याचा हात थांबला. मी म्हणालो, "हा एक राहू दे, तिला काय कळणार आहे?"

"तिने मला एवढं एकच काम सांगितलंय, दिवाणजी," तो म्हणाला, आणि तोही पुसला.

तो निरोप रोसालबाच्या फोनमध्ये अजून असेल. हेबरने पुन्हा मागितला नाही आणि मीही विषय काढला नाही.

त्यानंतर त्याने हेडफोन घातले नाहीत. क्लबातलं काम दुपारपुरतं केलं. बाकी वेळ तो निबियाजवळ बसायचा. ती दिवसाला दोन-तीन ओळी लिहायची, कधी एकच. एकदा तो मला म्हणाला की याहून बरा, बाईचा, आपल्या नदीकाठच्या बोलीतला आवाज मिळतो, लावू का असं तिला विचारलं. तिने लिहिलं, "नको. या मेल्यावर तुझा जीव जडणार नाही. हाच बरा." हेबरने ते सांगितलं आणि हसायचा प्रयत्न केला.

जुलैमध्ये तिचं बोट थांबलं. मग डोळे तेवढे राहिले. तो अक्षरांचा पुठ्ठा धरायचा, एकेका अक्षरावर बोट नेत विचारायचा, आणि ती पापणी मिटायची. सप्टेंबरच्या सुरुवातीला, बाभळी पिवळ्या फुलल्या त्या आठवड्यात, श्वासही थांबला. सकाळ होती. हेबरने मला फोन केला आणि म्हणाला, "दिवाणजी, येऊन बस. घरात कुणी बोलत नाहीये."

मी गेलो तेव्हा तो टेबलाशी बसून मयताचं निवेदन टाइप करत होता. गावातल्या कित्येकांची निवेदनं त्याने केली होती, नमुना तयार होता, नाव बदललं की झालं. नाव लिहून झाल्यावर त्याने ते माझ्याकडून दोनदा तपासून घेतलं. निबिया आल्बानेल दे इरासोकी. चूक नव्हती.

आमच्याकडे निवेदन भिंतीवर लागतं तसं रस्त्यावरून पुकारलंही जातं. आमादेओ आपल्या जुन्या गाडीवर भोंगा लावून गल्लोगल्ली फिरतो, सकाळी कोंबड्यांची जाहिरात, दुपारी मयत. अंत्यविधी करणाऱ्यांच्या रकमेत त्याची एक फेरी धरलेली असते. गाडी हेबरच्या दारावरून गेली तेव्हा आम्ही पायरीवर उभे होतो. आमादेओचा आवाज घोगरा आहे. त्याने तिचं नाव सावकाश, पूर्ण घेतलं, मग हेबरचं, मग रोसालबाचं, मग दफनाची वेळ, आणि शेवटी परत तिचं नाव. गाडी कोपऱ्यावर वळली तरी भोंगा ऐकू येत होता. मग येईनासा झाला.

हेबर पायरी उतरून कोपऱ्यापर्यंत धावत गेला. त्याला धावताना मी कधी पाहिलं नव्हतं. मी मागून पोचलो तेव्हा तो गाडीच्या खिडकीत वाकून बोलत होता.

"अजून एकदा जा, आमादेओ."

"कुठे राहिलं का? मी बंदराकडूनच सुरुवात केली."

"राहिलं नाही. अजून एकदा जा. याच गल्लीतून."

आमादेओने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तो गाडी मागे घेऊन पुन्हा आमच्या गल्लीच्या तोंडाशी गेला आणि पहिल्यापेक्षाही सावकाश निघाला. हेबर भिंतीला टेकून उभा राहिला आणि नाव संपेपर्यंत हलला नाही. पैशांचं नंतर बघू, असं आमादेओ जाताना म्हणाला.

हेबर अजून क्लबात येतो, अर्ज आणि तिकिटं छापून देतो. त्या दुसऱ्या फेरीचे साडेतीनशे पेसो आमादेओला अजून द्यायचे आहेत.